वॅगनमावशी

मुखपृष्ठावरच्या बाईच्या पाठीवर चेन दिसली, की मावशी पुस्तक मिटतात. बाकी सगळं जागच्या जागी असतं. गव्हाच्या शेतात पाठमोरी उभी बाई, डोक्यावर टोपडं, लांबवर लाकडी घर, धुराडं, एक घोडा. पण झग्याला बटणं नाहीत, बंद नाहीत, सरळ चेन! "आणि म्हणे साल 1872," मावशी नखाने ती चेन टोकरतात. चेन कामाला येण्याजोगी झाली 1913 च्या सुमाराला, बायकांच्या कपड्यांना लागायला आणखी वीसेक वर्षं गेली, हे मला तिथल्या तिथे सुनावलं जातं. मग त्या पुस्तक घरी नेतात, रात्री दोनपर्यंत जागून संपवतात आणि सकाळी कुंपणाशी येऊन सांगतात, "चेन सोडली तर बरं आहे."

मावशी म्हणजे आमच्या शेजारीणबाई. गाव लिंकन, राज्य नेब्रास्का. अमेरिकेच्या नकाशाची घडी जिथे पडते, ती जागा. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, उंची माझ्याहून वीतभर जास्त, आणि आवाज जन्मभर शाळेच्या कचेरीत बसून उशिरा येणाऱ्या पोरांना थांबवलेल्या बाईचा. 'मावशी' हे आमच्या मुलांनी लावलेलं. त्यांना ते इतकं आवडलं की आता फोनवरही "मावशी बोलतेय" असंच म्हणतात. त्याच्या आधी आम्ही घरातल्या घरात 'वॅगन' जोडतो, ते मात्र अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही.

जोडण्याचं कारण, मावशी एकाच जातीची पुस्तकं वाचतात. काळ साधारण 1840 ते 1890. स्थळ मिसूरी नदीच्या पलीकडे कुठेही. छपराची वॅगन हवी, वॅगनमध्ये विधवा हवी आणि विधवेच्या पेटीत बायबल हवं. अशी पुस्तकं अमेरिकेत ढिगाने निघतात आणि ढिगाने वाचली जातात. मिडवेस्टमधल्या कुठल्याही चर्चच्या तळघरात उतरा. कॉफीचं मोठं पिंप, घडीच्या खुर्च्या आणि भिंतीला एक कपाट असणार. त्या कपाटाची किल्ली एका मावशीकडे असणार. मेथडिस्ट चर्चमधली आमच्या मावशींकडे आहे.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मोठ्या टायपातल्या पुस्तकांची वेगळी फळी आहे. तिथेही याच बायकांचं राज्य. वॅगना एवढ्या, की कुठली वाचली आणि कुठली राहिली हे शीर्षकावरून कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. कोणी विसाव्या पानाच्या आकड्याखाली रेघ मारते, कोणी शेवटच्या पानावर बारीक आद्याक्षरं काढते. मावशी सत्तेचाळिसाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल करतात. पुस्तक हातात घेतलं की आधी सत्तेचाळीस. गोल दिसला की परत फळीवर. नियमाने हे चालत नाही. पण ग्रंथपालबाईंची स्वतःची खूण एकशेएकाव्या पानावर असते, असं मावशींचं म्हणणं. एकदा गोल करायचा राहिला आणि मावशींनी एक कादंबरी दुसऱ्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचली. संपल्यावर म्हणाल्या, "तो बँकवाला वाईट निघणार, हे मला पहिल्या पानापासून वाटत होतं."

बँकवाला वाईटच निघतो. या प्रांतातले कायदे मावशींनी मला एकदा रुबार्बचे देठ चिरता चिरता समजावून दिले. नायक विधुर असतो. नसला तर त्याचा भाऊ मेलेला असतो आणि भावाची पोरं पदरात असतात. त्याला घोडे कळतात, स्वयंपाक कळत नाही आणि दिवसाला चाळीस शब्दांपलीकडे तो बोलत नाही. नायिका बोस्टनहून येते, एक तर शाळा चालवायला, नाहीतर वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून लग्न करायला. तिची पहिली बिस्किटं दगड होतात. नायक ती निमूटपणे खातो. "इथे कळतं," सुरी वर धरून मावशी म्हणाल्या, "की माणूस चांगला आहे." मग कोणाला तरी ताप येतो. ताप पोराला आला तर नायिका रात्रभर उशाशी बसते. नायकाला आला तर तो ग्लानीत खरं बोलून जातो, एका रात्रीत चाळीसच्या वर शब्द. त्यानंतर बर्फाचं वादळ. वादळात दोघं एका खोपटात अडकली, तर लेखिका तिसरं कोणीतरी आत आणतेच. म्हातारी, वासरू, काहीही. चुंबन एकच, तेही पुस्तक आटोपत आल्यावर. त्यापुढे खोलीचं दार लागतं आणि लेखिका सभ्यपणे बाहेर थांबते.

शिवी तर नाहीच. खलनायकाचं बोट दाराच्या फटीत चेंगरलं तरी लेखिका एवढंच लिहिते, की तो एक वाईट शब्द बोलला. कोणता, ते मावशी स्वतः ताडतात. त्यांनी ताडलेले शब्द छापण्यासारखे नसतात.

मावशींकडून पुस्तकाला मिळणारी सर्वांत वरची पदवी 'क्लीन'. त्याच्या खालोखाल 'मस्त रडवलं'. दोन्ही पदव्या मिळवलेलं पुस्तक चर्चच्या कपाटात जातं. एक पुस्तक मात्र कपाटात नाही, आणि ते सांगताना त्या आवाज खाली आणतात. फ्रान्सीन रिव्हर्स यांचं 'रिडीमिंग लव्ह'. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याची कथा, लेखिकेने 1850 च्या कॅलिफोर्नियात, सोनं खणणाऱ्यांच्या गर्दीत नेऊन ठेवलेली. नायिका लहानपणीच बाजारात विकली गेलेली. आधी 1991 मध्ये निघालं, मग 1997 मध्ये लेखिकेनेच हात फिरवून ख्रिस्ती प्रकाशकाकडून पुन्हा काढलं. मावशींकडे दोन्ही आवृत्त्या आहेत. "कुठे कुठे काय काय बदललं, ते बघायला हवं ना," त्या म्हणतात. उशाजवळच्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली.

पण मावशींचं खरं दैवत जॅनेट ओक. बाई कॅनडाच्या, अल्बर्टाच्या, हे मावशींनी उदार मनाने पोटात घातलेलं आहे. 1979 मध्ये मिनेसोटातल्या बेथनी हाउसने त्यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' छापली आणि या सगळ्या धंद्याला तिथून पूर आला. ग्रेस लिव्हिंगस्टन हिल यांच्या सोज्ज्वळ प्रेमकथा त्याच्या कितीतरी आधीच्या, मावशींच्या आईच्या कपाटातल्या. पण वॅगन, माळरान आणि प्रार्थना यांचं जे रसायन पुढे लाखोंनी खपलं, ते ओकबाईंचं. गोष्ट अशी. मार्टी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी नवऱ्याबरोबर पश्चिमेला निघालेली असते. वाटेत नवरा अपघातात जातो. त्याला मातीआड करून मंडळी परततात न परततात, तोच क्लार्क नावाचा शेजारचा विधुर येऊन सांगतो, की माझी लहान मुलगी आईवाचून आहे, तुम्हाला छप्पर नाही, पाद्रीबाबा गावात आहेत ते आजच्या आज पुढे जाणार. तेव्हा आत्ताच लग्न उरकू. तुम्ही घरात राहा, मी बाहेरच्या पडवीत झोपेन. वसंतात पूर्वेकडे जाणाऱ्या वॅगना आल्या आणि जावंसं वाटलं, तर भाडं मी देईन. ती हो म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची सोय नसते. स्वयंपाकात तिला पॅनकेकशिवाय काही येत नसतं. क्लार्क पॅनकेक खात राहतो. उरलेलं पुस्तक म्हणजे ही दोघं कधी एकमेकांकडे धड बघतात, त्याची वाट.

2003 मध्ये यावर चित्रपट झाला, कॅथरीन हायगल त्यात मार्टी आहे, आणि दिग्दर्शक मायकल लँडन ज्युनियर. म्हणजे 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या मालिकेत बाप झालेल्या लँडनचे चिरंजीव. हे नातं मावशींना घराण्याच्या गादीइतकं महत्त्वाचं वाटतं.

माझी आई नगरहून आली, तेव्हा मावशींनी तिला हा चित्रपट दाखवला. आई मराठीची निवृत्त शिक्षिका, मिशनच्या शाळेत शिकलेली. इंग्रजी कळतं, बोलायला लाजते. ती शेवटपर्यंत नीट बसून पाहत होती. संपल्यावर मावशींनी डोळे पुसले आणि अपेक्षेने तिच्याकडे पाहिलं. आई मला म्हणाली, "छान आहे. पण यात कादंबरी कसली? आधी लग्न, मग ओळख, मग माया. आमच्या सगळ्यांचं असंच झालं की."

मी भाषांतर केलं. मावशी खुर्चीतून पुढे सरकल्या.

त्या दिवसापासून आईची सुटका नाही. मावशींनी आयुष्यभर जे छापलेलं वाचलं, ते नेसत्या साडीत समोर बसलेलं होतं, आणि दुपारच्या चहाला बोलावता येत होतं. "लग्नाआधी त्यांना किती वेळा पाहिलं होतंत?" एकदाच, चहापोह्यांच्या वेळी, आणि तेव्हाही मान खाली होती म्हणून चपला तेवढ्या दिसल्या. मावशींनी छातीवर हात ठेवला. "आणि ते पहिलं काय बोलले?" आईने बराच वेळ आठवून सांगितलं, "दिवा मालवू का?" मावशींना हुंदका आला. मी समजावू पाहिलं, की बाबांना पहाटेची एस. टी. पकडायची होती, पण मावशींच्या मनात तोवर पडवी, कंदील आणि बाहेरचा वारा सगळं उभं राहिलेलं. "आणि प्रेम आहे हे केव्हा कळलं?" यावर आई म्हणाली, "पहिली दोन वर्षं सासूबाईच मधे होत्या. त्यांच्याशी पटायला लागल्यावर मग यांच्याकडे लक्ष गेलं." ओकबाईंच्या एवढ्या पुस्तकांत कुठे सासू कशी नाही, हा प्रश्न त्या दिवशी मावशींना पहिल्यांदा पडला. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आल्या, "वॅगनमध्ये जागा नव्हती."

आईने इंग्रजीत विचारलेला पहिला मोठा प्रश्न मात्र जळणाचा होता. झाड नाही तिथे बाया चूल कशावर पेटवत? मावशींनी सांगितलं, की माळावर रानगव्यांचं वाळलेलं शेण पडलेलं असे, ते एप्रनच्या ओच्यात गोळा करायचं. आईचा चेहरा उजळला. गोवऱ्या! पण थापत नसत का? मावशींना थापणं ठाऊक नव्हतं. आईने हवेत थापून दाखवल्या, मग भिंतीकडे बोट केलं. मावशींच्या एकाही नायिकेला ही विद्या येत नव्हती, आणि ते त्यांना मनापासून लागलं.

या तपशिलांत मावशी कोणालाही हार जाणार नाहीत. ऑरिगनच्या वाटेवर वॅगनला घोडे जुंपलेले दाखवले, की त्या समासात 'बैल!' लिहितात. घोड्यांना दाणा लागतो, बैल वाटेवरच्या गवतावर जगतो आणि स्वस्तही पडतो. म्हणून बहुतेकांनी बैल नाहीतर खेचरं जुंपली. नायिका वॅगनमध्ये बसून देखावा बघत गेली, की समासात 'चालत!' मिसूरीपासून ऑरिगनपर्यंत सुमारे दोन हजार मैल, आणि त्यातले बरेचसे माणसं पायीच गेली. आत सामान, त्यात स्प्रिंगा नाहीत, बसलं तर हाडं खिळखिळी. नायिकेचा नवरा इंडियनांच्या बाणाने मेला, की समासात 'कॉलरा'. वाटेवर जास्त माणसं रोगाने मेली. समासात लिहायला पुस्तक आपलं असावं लागतं, एवढं पथ्य त्या पाळतात. वाचनालयाच्या पुस्तकांसाठी चिकटपट्टीचे पिवळे कागद आहेत.

हे नुसतं वाचनातून आलेलं नाही. लिंकनहून दक्षिणेला तासाभराच्या आत बिॲट्रिस लागतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकारने 160 एकर जमीन द्यायला सुरुवात केली. पाच वर्षं तिथे राहायचं, कसायचं, मग पट्टा नावावर. 1 जानेवारी 1863 ला, कायदा लागू झाला त्याच दिवशी, अगदी पहिल्यांत अर्ज करणारा डॅनिएल फ्रीमन याचं शेत या बिॲट्रिसजवळ, आणि तिथे आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मावशी तिथे आईला घेऊन गेल्या, मला दुभाषी म्हणून. अर्ज बाईलाही करता येई, एकवीस पुरी झालेली अविवाहित हवी, नाहीतर कुटुंबाची कर्ती, म्हणजे बहुधा विधवा. नवरा असलेल्या बाईला नाही. म्हणूनच कादंबरीतल्या विधवेला एवढा मान. कित्येक नायिका पट्टा हातात पडेपर्यंत नायकाला ताटकळत ठेवतात. तिचे 160, बांधाला लागून त्याचे 160, आणि मग पाद्रीबाबा. आई फलक वाचता वाचता म्हणाली, "म्हणजे सातबारा एकत्र." मी याचं भाषांतर केलं नाही.

मावशींच्या दिवाणखान्यात पणजोबांचा पट्टा चौकटीत लावलेला आहे, राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिलेला, पिवळा पडलेला. पणजी मातीच्या ढेकळांच्या घरात राहिली. पावसात छपरातून चिखल गळे, कधी साप पडे. 1874 मध्ये टोळधाड आली आणि पिकाबरोबर दोरीवरचे कपडेही खाऊन गेली, असं घरात सांगत आलेत. जानेवारी 1888 चं बर्फाचं वादळ याच प्रदेशातलं. सकाळी हवा उबदार होती म्हणून मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली, आणि दुपारी घरी निघालेली कितीतरी वाटेत गोठली. पणजीची तीन मुलं लहानपणीच गेली, त्यांचे दगड गावाबाहेरच्या दफनभूमीत आहेत. मे महिन्याच्या शेवटी मावशी तिथे पिओनीची फुलं ठेवतात. कादंबरीतलं पोर तापातून उठून सूप मागतं, तिथे मावशी हटकून रडतात. मी एकदा बेधडक विचारलं, की खरं काय घडत होतं हे इतकं माहीत असून हे गुळमुळीत कसं चालतं तुम्हाला? "हनी," त्या म्हणाल्या, "खरं काय घडलं ते मला पाठ आहे. दुसरं काही वाचायला नको?"

याच्यावर बोलता येत नाही. पण दुसऱ्या एका बाबतीत मी त्यांना सोडत नाही. बिॲट्रिसच्या आसपासची, बिग ब्लू नदीकाठची जमीन ओटो-मिसूरिया या मूळच्या लोकांची. त्यांची राखीव जमीनही तिथेच होती, आणि 1881 मध्ये त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आलं. मावशींच्या पुस्तकांत ही माणसं येतात ती फार तर नवव्या प्रकरणात, झाडपाल्याचं औषध घेऊन. औषध देऊन निघून जातात. कुठे गेली, हे लेखिका विचारत नाही. मी विचारलं, की मावशींना अचानक ओव्हनमधलं काहीतरी आठवतं. त्या उठून जातात, उघडून बघतात. कित्येकदा ओव्हन बंद असतो.

तरी गोष्ट तिथे संपत नाही, कारण मावशी वरून भोळ्या. 2021 मध्ये अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या मोठ्या संघटनेने धार्मिक विभागातलं बक्षीस अशाच एका ख्रिस्ती कादंबरीला दिलं. तिचा नायक घोडदळातला अधिकारी, आणि सुरुवातच वुंडेड नीची. 29 डिसेंबर 1890 ला साउथ डकोटात लष्कराने लकोटा बायामुलांसकट शेकडो माणसं मारली, तिथे तो हजर. मग पश्चात्ताप, देवाची क्षमा, आणि पुढे डॉक्टरीणबाईंशी प्रेम. गदारोळ झाला आणि संघटनेने बक्षीस मागे घेतलं. चर्चच्या वाचनगटात दोन तट पडले. क्षमा हाच तर आपला धर्म, असं एक तट म्हणे. मावशींनी पुस्तक वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, "आपल्या खजिनदाराने चाळीस डॉलर इकडचे तिकडे केले, तर याच तळघरात त्याला दोन वर्षं कोणी कॉफी विचारली नव्हती. आणि याला मोकळं करायचं?" किल्ली त्यांच्याकडेच असल्यामुळे ते पुस्तक कपाटात गेलं नाही.

मावशींच्या यजमानांबद्दल, म्हणजे काकांबद्दल, अजून काहीच सांगितलं नाही, आणि काकांबद्दल एवढंच सांगण्यासारखं असतं असं काकांचंही मत आहे. जन्म मक्याच्या शेतात गेला. आता शेत खंडाने दिलंय. तेही वाचतात: लुई लामूर, तो नॉर्थ डकोटाचा, म्हणजे जवळजवळ गाववाला. त्यामुळे संध्याकाळी एकाच दिवाणखान्यात, दोन आरामखुर्च्यांत, एकच 1873 साल चालू असतं. काकांच्या पुस्तकात कोणी प्रार्थना करत नाही आणि मावशींच्या पुस्तकात कोणाचा नेम लागत नाही. काकांच्या माळावर बायका नाहीत, मावशींच्या माळावर प्रत्येक टेकडीआड एक उभी आहे. दोघं एकमेकांची पुस्तकं शिवत नाहीत. काकांचं मत, "तिच्या पुस्तकात गुरांना कोण पाणी पाजतं ते कळत नाही."

मावशींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा वाचन बंद, म्हणून मुलीने ऐकायच्या पुस्तकांची सोय करून दिली. मुलगी डेन्व्हरला. जायला सात-आठ तास, रस्ता सरळ, खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही. मावशींनी ट्रकमध्ये कादंबरी लावली. काकांनी ती पहिले शंभर मैल सहन केली. मग म्हणाले, "बैल दिवसाला वीस मैल जात नाहीत. पंधरा म्हण." पुढे म्हणाले, "त्या पोराला कुत्रा घेऊन द्यायला हवा होता." कोलोरॅडोच्या हद्दीजवळ पेट्रोलला थांबले, तर काका उतरेनात. बंद ट्रकमध्ये दोघं बसून होती. नायकाने गोठ्याच्या दाराशी टोपी काढली होती आणि त्याचा घसा बसला होता. मागच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला. नायिका हो म्हणाली, तेव्हा काका उतरले, टाकी भरली, आत येऊन बसले आणि म्हणाले, "वेळ लावला त्याने." मावशी हे सांगतात तेव्हा काका खिडकीबाहेर बघतात. काकांनी स्वतः किती वेळ लावला होता, ते मावशी सांगत नाहीत. फक्त, त्या वेळी कापणी चालू होती आणि मशीन बंद करायला ते तयार नव्हते, एवढं बाहेर आलेलं आहे.

आईने जाण्याआधी मावशींना एक नवल सांगितलं. मराठीतली पहिली म्हणतात ती कादंबरी, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची. म्हणजे इकडे वॅगना चालल्या होत्या तेव्हाची. तिच्यात प्रवास आहे, विधवांची दैना आहे, नवऱ्याचा मृत्यू आहे, आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होऊन ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते. मावशी बघतच राहिल्या. पुढे आई म्हणाली, की नगरला आमच्या शाळा काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनला पाठवणारं बोर्ड बोस्टनचं. त्याचीच माणसं 1813 मध्ये मुंबईला उतरली. यावर मावशींची पाळी होती. त्याच बोर्डाने 1836 मध्ये मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन यांना ऑरिगनकडे पाठवलं! मिशनवर एकट्या बाईला पाठवायला बोर्ड नाखूश, म्हणून नार्सिसाला नवरा हवा होता. मार्कसलाही बायको हवी होती. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी निघाली. तिकडे गोवराची साथ आली, कायूस लोकांची मुलंमाणसं मेली, आणि 1847 मध्ये दोघंही मारली गेली. "म्हणून त्यांच्यावरची कादंबरी मी लग्नापर्यंतच वाचते," मावशी म्हणाल्या.

'यमुनापर्यटन'चं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे. मी मागवून दिलं. क्लीन आहे का, असं विचारून, आईकडून तशी हमी घेऊन मावशींनी ते वाचायला घेतलं. आठवडाभर कुंपणाशी फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी आल्या, पुस्तकात पिवळे कागदच कागद. विधवांच्या हकिगती वाचून त्यांना रात्री झोप लागली नव्हती. मधे मधे वाद फार घातलाय, आमचे पाद्रीबाबाही एवढं बोलत नाहीत, हे एक. पहिल्या नवऱ्याला मारायला नको होतं, तो चांगला होता, हे दुसरं. पण मुख्य तक्रार दुसऱ्या नवऱ्याबद्दल होती. त्याच्याविषयी लेखकाने काहीच कसं सांगितलं नाही? घरी कोण कोण, घोडा होता का, दिसायला कसा? "आणि तुझ्या आईला फोन करशील तेव्हा विचार," मावशी म्हणाल्या, "त्याची जमीन किती एकर होती?"